पुन्हा चालू होईपर्यंत

आमच्या मुख्य कार्यालयात तिला सगळे मौनीबाई म्हणायचे. पाठीमागे. मी मात्र तोंडावर म्हणायचे, कारण इतकी वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर बसून मला तेवढा हक्क मिळाला आहे असं मी धरून चालले होते. ती नुसती चष्म्यावरून बघायची आणि पुन्हा आपल्या काळ्या पडद्यात डोकं घालायची. मी तिची गोष्ट सांगतेय म्हणून मी तिची मैत्रीण होते असं कुणी समजू नये. तसं मलाही वाटायचं, पण ते पुढे येईलच.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन टेबलं, एक कपाट, आणि खिडकी उघडली की समोर गोदामाची भिंत. माझं काम आस्थापना विभागाचं. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाला मेमो, सगळे कागद माझ्या हाताखालून जाणार, त्यामुळे मला बोलायला विषय कमी नव्हते. तिचं काम बसच्या ड्यूट्यांचा प्रोग्रॅम सांभाळायचं. उद्या कुठली बस कोण नेणार, सोबत कंडक्टर कोण, याचा तक्ता रोज दुपारी तो प्रोग्रॅम काढतो आणि डेपोत तो भिंतीवर लागतो. हा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला, एकटीने, केस काळे होते तेव्हा. तिच्याशिवाय त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं.

घरी तिची आई होती. लग्न केलं नव्हतं, का नाही केलं ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि माझी छाती होत नाही म्हणजे बघा. सकाळी वेळेवर यायची, कापडाने कीबोर्ड पुसायची, पिशवी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायची. त्या खुर्चीवर कधी माणूस बसलेला मी पाहिला नाही. डबा भिंतीकडे तोंड करून खायची. मी बोलत राहायचे, ती "हं" म्हणायची. कधी कधी मला वाटायचं, मी रेडिओ आहे आणि ही मला बंद करायला विसरली आहे.

पण फोन वाजला की बाई बदलायची.

तिच्या टेबलावर एक राखाडी फोन होता. त्याचा आवाज कमी करायची सोय कधीच बिघडली होती, त्यामुळे पलीकडचा माणूस माझ्याच कानात बोलतोय असं वाटायचं. चहाच्या सुमाराला, आठवड्यातून एखाददा, कधी दोनदा तो वाजायचा. "ताई, बसलाय परत." डेपोत ड्यूट्या लावणारे गृहस्थ बोलायचे. आम्ही त्यांना डेपोवाले म्हणत असू. त्यांचा डेपो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आम्ही दोघींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम तक्ता काढता काढता मध्येच गप्प बसायचा आणि काही केल्या हलायचा नाही.

"बंद करा भाऊ," ती म्हणायची. "आता चालू करा. लागू द्या वेळ."

वेळ लागायचाच. प्रोग्रॅम पुन्हा चालू होऊन सगळ्या याद्या पहिल्यापासून वाचायचा, आणि मध्येच एका ठिकाणी कुठलं बटण दाबायचं ते तिला सांगावं लागायचं. म्हणून फोन ठेवता यायचा नाही. तेवढा वेळ दोघांना करायला काही नसायचं, आणि तेवढ्या वेळात आमची मौनीबाई बोलायची.

काय बोलायची म्हणाल, तर काही नाही. तिच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. शेजाऱ्यांचं कुत्रं तिच्याच पायपुसण्यावर येऊन झोपतं. डेपोवाले त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगायचे, परगावच्या मुलाबद्दल सांगायचे. त्यांच्याकडे एक ड्रायव्हर होता, सासू आली की त्याला ताप यायचा आणि गेली की उतरायचा. "सासूला आम्ही थर्मामीटर म्हणतो," ते म्हणाले, तेव्हा ती इतकी हसली की मी पेन खाली ठेवून बघत राहिले. नळाचा वायसर कसा बदलायचा तेही त्यांनीच फोनवर शिकवलं. "डावीकडे फिरवा ताई. तुमच्या डावीकडे, माझ्या नाही."

तिची आई गेली ते मला तिच्याकडून कळलं नाही. ती रजेवरून परत आली, कीबोर्ड पुसला, आणि मी तिला बढत्यांच्या यादीतली गंमत सांगत बसले. दुपारी फोन आला. "भाऊ, आई गेली माझी," ती म्हणाली. मी तिच्यापासून तीन हातांच्या अंतरावर बसले होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मेलेल्या माणसाच्या बातमीत कसला मानपान, हे मलाही कळतं. पण आला.

त्यानंतर मध्ये काही दिवस फोन आला नव्हता. प्रोग्रॅम सुतासारखा सरळ चालला होता. मग पुन्हा अडकायला लागला, आणि आम्ही कुणी त्यावर विचार केला नाही. मशीन म्हटलं की अडकायचंच, असं आपण धरून चालतो.

आणि मग नवे साहेब आले. तरुण, चटपटीत, पण वागायला वाईट नाहीत. तिला काही वर्षांत निवृत्त व्हायचं होतं आणि तिच्यामागे प्रोग्रॅमचं काय, ही काळजी त्यांना होती. एके दिवशी स्वतः खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. पिशवी कुठे ठेवायची म्हणून ती बावरली. त्यांनी तिच्या मशीनवर एक नवा मदतनीस बसवून दिला. कृत्रिम बुद्धीचा. मला वाटलं काहीतरी रंगीत, बोलणारं असेल. कसलं काय. तोच काळा पडदा, तीच लुकलुकणारी रेघ. याला कमांड लाइन म्हणतात. माउस नाही, चित्रं नाहीत. आपण टाइप करून सांगायचं, तो सगळ्या फायली वाचून उत्तर टाइप करतो, आणि सांगितलं तर कोडमध्ये बदलही करून देतो.

"आपल्या भाषेत लिहा, कळतं त्याला," साहेब म्हणाले. "तुमच्या डोक्यात आहे ते सगळं याच्याकडून लिहून घ्या. कुठला भाग काय करतो ते. आणि जिथे दुरुस्ती हवी तिथे करून घ्या."

तो बदल करायच्या आधी विचारायचा. जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी, आणि खाली प्रश्न: हा बदल करू का? त्याखाली तीन पर्याय. एक, हो. दोन, हो आणि यापुढे विचारू नका. तीन, नाही. साहेब म्हणाले, "दोन दाबून टाका ताई, नाहीतर दिवसभर पिडेल." तिने मान डोलावली. साहेब गेल्यावर मी बघितलं तर बाई प्रत्येक वेळी एकचाच आकडा दाबत होती.

"दोन दाब की," मी म्हटलं. "कटकट जाईल."

"विचारू दे," ती म्हणाली. "बरं वाटतं."

घरी गेल्यावर तिला "दिवा मालवू का?" एवढंही विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

पहिले काही दिवस तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न टाकायची. मग एकदा मला बोलावलं. तिने आपण होऊन मला बोलावलं, हे मी दोनदा सांगितलं तरी चालेल. पडद्यावर तिच्याच प्रोग्रॅमबद्दल लिहिलं होतं: हा भाग ड्रायव्हरला सलग दोन लांबच्या फेऱ्या लागू नयेत याची काळजी घेतो. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कोडच्या रचनेवरून हा हेतू दिसतो. बरोबर आहे का?

"इतक्या वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला सांगितलं असतंस तर मला दिसलं असतं," मी म्हटलं. पण तिचं लक्ष नव्हतं. ती त्याला लिहीत होती: बरोबर आहे. धन्यवाद. त्याला धन्यवाद कशाला, विचारलं तर म्हणते, त्याने नीट वाचलं ना.

तर असं सगळं छान चाललं होतं. रोज एक-एक भाग तो वाचायचा, समजावून लिहायचा, तिला विचारायचा, ती हो म्हणायची. अधूनमधून डेपोवाल्यांचा फोन यायचा, प्रोग्रॅम पुन्हा चालू होईपर्यंत ती बोलायची. "भाऊ, मला आता एक मदतनीस मिळालाय," तिने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता आम्हाला कोण विचारतंय." ती म्हणाली, "काहीतरीच तुमचं."

एका दुपारी मी तिच्या कपाटातली फाइल काढायला तिच्यामागे उभी होते. पडद्यावर मदतनिसाने लिहिलं होतं, आणि ते इतकं सरळ लिहिलं होतं की माझ्यासारखीलाही कळलं. प्रोग्रॅम अधूनमधून अडकतो त्याचं कारण त्याला सापडलं होतं. तक्ता काढणारे प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट बघत राहतात. दारात दोन माणसं "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करत उभी राहतात ना, तसं. दोघांपैकी कुणी आधी जायचं हे ठरवून दिलं की झालं. आणि त्याखाली लिहिलं होतं: ही दुरुस्ती कोडमध्ये आधीच लिहिलेली आहे, पण बंद करून ठेवलेली दिसते. ती चालू करू का?

तिने तीन दाबलं. नाही.

मी फाइल हातात घेऊन तशीच उभी. कोडमध्ये एखादी ओळ पुसायची नसेल, पण चालूही द्यायची नसेल, तर तिच्यापुढे एक खूण करून ठेवतात म्हणे. ओळ जागच्या जागी राहते, मशीन तिच्याकडे बघत नाही. हे मला तिनेच कधीतरी सांगितलं होतं. आणि त्या प्रोग्रॅमला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तू बंद करून ठेवलीस?" मी विचारलं.

मदतनिसाने लिहिलं: ठीक आहे, हा बदल करत नाही. पुढचा भाग वाचू का? तिने एक दाबलं.

मी सुटायच्या वेळेपर्यंत कशीबशी कळ काढली. जिन्यात तिला गाठलं. "हे बघ, मला तुला शहाणपणा शिकवायचा नाही," मी म्हणाले, आणि मग भरपूर शिकवला. डोकं ठिकाणावर आहे का, नोकरीवर बालंट येईल, त्या माणसाला दर वेळी फोन करत बसायला लावतेस, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कठड्याला हात टेकवून सांगितलं.

आई गेल्यावर तिने ती चूक एकदाची शोधून काढली होती. घरी करायला काही नव्हतं, म्हणून इथेच बसून शोधली. दुरुस्त केली. प्रोग्रॅम सुरळीत झाला आणि फोन बंद झाले. "एक दिवस दूधवाल्याला हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना," ती म्हणाली. "घसा बसला म्हणून डॉक्टरकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, घशाला काही झालं नाही बाई, बोलत जा जरा." ती हसल्यासारखं करत होती. "दुसऱ्या दिवशी येऊन ती ओळ बंद केली."

"आणि मी काय मेले होते?" मी म्हटलं. "दिवसभर समोर बसते मी."

"तू बोलतेस," ती म्हणाली. "मला विचारत नाहीस."

मी रागाने घरी गेले. नवऱ्याला विचारलं, मी कुणाला काही विचारत नाही का हो? तो म्हणाला, आता विचारलंस की. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय. तक्ता थोडा उशिरा लागतो, एवढंच ना. अडकला की चालू करायचा. दोन जीव चहाच्या वेळी चार शब्द बोलतात, त्यात आपण बिब्बा का घालावा. आणि खरं सांगायचं तर मी त्यानंतर तिला अधूनमधून विचारू लागले होते. जेवलीस का. झोप लागली का. ती दचकायची, पण उत्तर द्यायची.

मग एका सकाळी माझ्या टेबलावर तो कागद आला.

कारणे दाखवा नोटीस होती, डेपोवाल्यांच्या नावावर. ड्यूटीचा तक्ता वारंवार उशिरा लागतो. कर्मचारी दुसऱ्या दिवशीची ड्यूटी न बघताच घरी जातात, सकाळच्या गाड्या चुकतात, प्रवाशांच्या तक्रारी येतात. वर्षभरात अनेकदा तोंडी समज देऊनही कामात निष्काळजीपणा. समाधानकारक खुलासा न आल्यास सदर कर्मचाऱ्यास टेबलावरून हटवून आवारात गाड्या लावून घेण्याच्या कामावर पाठवण्यात येईल. माझं काम एवढंच की नोंद करून लिफाफ्यात घालायचं. आवारातलं काम म्हणजे दिवसभर उभं राहायचं, गाड्यांच्या मागे मागे हात दाखवत फिरायचं. आणि त्या माणसाच्या गुडघ्याचं मला त्याच्या बायकोइतकं माहीत होतं.

मी कागद उचलला आणि तिच्या कीबोर्डवर ठेवला.

तिने वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"वर्षभर?" ती म्हणाली. "मला म्हणायचे, सगळं ठीक."

"मग काय म्हणणार," मी म्हटलं.

ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग तिने मदतनिसाला लिहिलं: ती बंद ठेवलेली दुरुस्ती चालू कर. त्याने लाल ओळ दाखवली, हिरवी ओळ दाखवली. हा बदल करू का? तिचं बोट एकच्या आकड्यावर आलं आणि तिथेच थांबलं. मग तिने दाबलं. त्याने बदल केला, मागच्या कितीतरी तक्त्यांवर तो चालवून बघितला, आणि लिहिलं की आता कुठेही अडकत नाही. झालं. एका ओळीचं काम होतं.

"आता बदलाची नोंद लिही," तिने त्याला सांगितलं. "साहेबांना पाठवायची आहे."

त्याने नेमस्त नोंद लिहिली. प्रोग्रॅमच्या अंतर्गत अडचणीमुळे तक्ता काढताना खंड पडत होता, ती अडचण दूर केली आहे. डेपोतील कर्मचाऱ्याच्या हाताळणीचा याच्याशी संबंध नाही.

"उत्तम आहे," मी म्हटलं. "तो सुटला, तूही सुटलीस. पाठव."

तिने खाली आपल्या हाताने टाइप केलं: दुरुस्ती आधीपासून तयार होती. ती मी जाणूनबुजून बंद ठेवली होती. जबाबदारी माझी.

"अगं, तू डोक्यावर पडलीस का?" मी म्हटलं. "कुणी मागितलंय हे? नुसतं अडचण होती म्हण ना. सत्यवादी हरिश्चंद्राचा अवतार घ्यायला आजचाच दिवस सापडला?"

"नुसती अडचण म्हटलं तर म्हणतील, मग डेपोवाल्याने वेळेवर कळवली का नाही," ती म्हणाली. "त्यांनी दर वेळी कळवलीय. मलाच."

मदतनिसाने विचारलं: हे वाक्य असंच ठेवू का? तिने एक दाबलं. मी पाणी प्यायला निघून गेले, कारण तिथे थांबले असते तर रडले असते, आणि ऑफिसात रडायचं नाही हा माझा नियम आहे.

साहेबांनी तिला बोलावलं. आत काय झालं ते तिने सांगितलं नाही, पण बाहेर येताना तिच्यापेक्षा साहेबांचाच चेहरा जास्त पडला होता. तिला लेखी ताकीद मिळाली. ती मीच टाइप केली. टाइप करताना दोनदा चुकले. डेपोवाल्यांची नोटीस रद्द झाली, आणि रद्द का झाली याचा आधार म्हणून तिची ती नोंद पत्रासोबत डेपोत गेली. कागदाला कागद जोडून पाठवायचा ही आमच्याकडची पद्धत. मी टाचणी लावली. माझ्या हातात असतं तर मी ती नोंद गहाळ केली असती, पण पत्राच्या खाली ‘जोडपत्र एक’ असं छापलेलं असतं.

दोन-तीन दिवसांनी चहाच्या सुमाराला फोन वाजला. तिने पहिल्या घंटेलाच उचलला.

"ताई."

"बोला भाऊ. अडकलाय का?"

"नाही. आता कुठला अडकतोय." मागे गाड्या सुरू होत्या, कुणीतरी शिट्टी मारत होतं. "माझी नोटीस रद्द झाली. पत्र आलं."

"बरं झालं."

"सोबत तुमचा कागद होता. वाचला मी. दुरुस्ती होती तुमच्याकडे?"

"होती."

"आधीपासून?"

"हो."

"मी वर्षभर बोलणी खाल्ली ताई. पोरांसमोर, ड्रायव्हरांसमोर. घरी बायको म्हणायची, तक्रार करा, प्रोग्रॅम खराब आहे म्हणून सांगा. मी म्हणायचो, नको. ताईंनी लिहिलाय, त्यांना वाईट वाटेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "का केलंत असं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "ती ओळ चालू ठेवली असती तर तुमचा फोन आला नसता."

पलीकडे नुसत्या गाड्यांचा आवाज. मला वाटलं, आता ठेवतात ते. मग ते बोलले.

"एवढंच होतं, तर तसं म्हणायचं होतं," ते म्हणाले. "मी नुसताच केला असता की फोन."

आणि ठेवला. तिने मात्र फोन कानाशी धरूनच ठेवला. शेवटी मीच उठले, तिच्या हातातून घेतला आणि जागेवर ठेवला. खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. काही विचारलं नाही. काही बोललेही नाही, आणि माझ्या आयुष्यात हे फार कमी वेळा घडलंय.

त्यांचा फोन पुन्हा आला नाही. मी तिला म्हटलं, तू कर. नंबर पाठ आहे तुला. राग काय, आज ना उद्या जाईल माणसाचा. ती म्हणाली, कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, मी करते मग. तर म्हणाली, नको, त्यांना कामं असतात. मदतनिसाकडून तिने सगळा प्रोग्रॅम समजावून लिहून घेतला. आता तो वाचून कुणीही चालवेल, तिची गरज नाही, असं साहेब कौतुकाने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. चहाच्या सुमाराला ती हातातलं काम थांबवते आणि थोडा वेळ फोनकडे बघत बसते. मी विचारते, चहा घेणार का? ती हो म्हणते. प्रोग्रॅम तेव्हापासून एकदाही अडकलेला नाही.